निळा पडदा वारंवार येत असल्यास काय तपासावे?
विंडोजचा संगणक निळा पडदा दाखवून आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर तो पडदा दिसताच त्यावरील 'स्टॉप कोड'चा (बिघाडाच्या नावाचा) मोबाइलने फोटो काढावा, कारण तेथे 'मेमरी मॅनेजमेंट' असे लिहिलेले असल्यास पहिला संशय रॅमवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवर जातो. नुकताच एखादा ड्रायव्हर (एखादे यंत्र चालवणारी छोटी प्रणाली) बसवला असेल, तर सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त आवश्यक गोष्टींवर विंडोज चालवण्याच्या पद्धतीत जाऊन तो आधी काढावा.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा मात्र मी आधी कॅबिनेटच (संगणकाची पेटी) उघडतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची अक्षरशः गादी निघाली होती. वीजपुरवठा तोडून, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढावी. मग रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसावी आणि खटका वाजेपर्यंत दाबून ती परत बसवावी. (कूलरच्या झोतासमोर संगणक ठेवू नये, ती हवा गार असली तरी दमट असते.)

यानंतरही पडदा आल्यास महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हे विंडोजमधलेच रॅम तपासण्याचे साधन चालवावे. त्यात दोष दिसला व पट्ट्या दोन असल्या, तर एकेक लावून पाहावी, म्हणजे खराब पट्टी सापडते आणि तेवढीच बदलावी लागते.