मेंदूभोवतीचं जुनं रक्त सीटीवर ओळखताना : नवीन रेसिडेंट आणि टेक्निशियनसाठी

डोक्याचा सीटी उघडला की नवीन मुलं आधी पांढरं काही दिसतंय का ते शोधतात. ताज्या रक्तस्रावासाठी ते बरोबर आहे. क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमामध्ये, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली आठवडेच्या आठवडे साचलेल्या रक्तात, हीच सवय दगा देते. तिथे रक्त शोधू नका. मेंदू कुठून सरकलाय ते शोधा.

सीटीवरची घनता एचयू (हाउन्सफील्ड युनिट) मध्ये मोजतात. पाणी ० एचयू धरलं तर ताजं गोठलेलं रक्त साधारण ५० ते ७० एचयू, मेंदूपेक्षा ठळक पांढरं. गुठळी विरघळत जाते तसा पांढरेपणा उतरतो आणि तीनएक आठवड्यांनंतर थर मेंदूपेक्षा काळपट दिसतो. धोका आहे तो मधल्या काळात, जेव्हा रक्त आणि मेंदू एकाच करड्या छटेचे होतात. अशा वेळी मेंदूच्या वळ्यांमधल्या खाचा कवटीपर्यंत पोचतात का बघा. अलीकडेच थांबत असतील आणि करड्या-पांढऱ्या भागांची सीमा आत ढकलली गेली असेल, तर मध्ये काहीतरी आहे. दोन्ही बाजूंना सारखंच रक्त असेल तर मिडलाइन, म्हणजे मेंदूच्या दोन अर्धांमधली रेषा, जागच्या जागी राहते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. पंचाहत्तरीच्या माणसाच्या खाचा तरुणासारख्या मिटलेल्या दिसल्या की तिथेच थांबा. त्या वयात मेंदू आकसून खाचा रुंद व्हायला हव्यात.

विंडो, म्हणजे करड्या छटांत दाखवायच्या एचयूंचा पट्टा, बदलल्याशिवाय फिल्म सोडू नका. विड्थ म्हणजे त्या पट्ट्याची रुंदी, लेव्हल म्हणजे त्याचा मध्य. नेहमीच्या ब्रेन विंडोत, म्हणजे विड्थ ८० आणि लेव्हल ४० वर, पातळ थर कवटीच्या पांढरेपणात हरवतो. विड्थ २००च्या आसपास आणि लेव्हल ८० करा, तोच थर सुटा होऊन दिसतो. टेक्निशियनना माझी विनंती आहे, कोरोनल रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे समोरून बघितल्यासारखे उभे काप, न मागता पाठवा. डोक्याच्या माथ्यावरचं रक्त आडव्या कापांत सहज निसटतं. आणि हिमोग्लोबिन विचारा. ते ८-१० च्या खाली असेल तर ताजं रक्तही करडं दिसू शकतं, आणि इतकं कमी हिमोग्लोबिन असलेल्या बायका आपल्याकडे रोज येतात.

आता हिस्ट्री. माझ्या मते अर्धं निदान इथेच होतं. खानापूरकडच्या एका आजोबांच्या फॉर्मवर 'उजवी बाजू कमजोर, स्ट्रोक?' एवढंच लिहिलेलं होतं. सुनेला विचारलं, 'आजोबा पडले होते का?'

'नाही ओ डॉक्टर.'

'मोरीत घसरले? गोठ्यात कुठं डोकं आपटलं?'

'हां, रोप लावणीच्या टायमाला गोठ्याच्या चौकटीला लागलं होतं की. पण रक्त नव्हतं आलं, हळद लावली अन् झालं.'

सीटी काढला तेव्हा गणपती तोंडावर आले होते. सीटीत डाव्या बाजूला चंद्रकोरीसारखा काळपट थर होता, आणि तळाशी थोडं ताजं पांढरं. 'पडले का' या प्रश्नाला घरचे नाही म्हणतात, कारण रक्त आलं नाही तर ते पडणं मोजतच नाहीत. म्हणून जागा आणि सण धरून विचारा. बैलहोंगल-सौंदत्तीकडचा रुग्ण असेल तर 'बिद्दिद्रेन्री?' (पडला होतात का?) एवढं कन्नड तरी यायलाच हवं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दारू आणि डायलिसिस यांचीही चौकशी करा. फॉर्मवरचा 'स्ट्रोक' खरा मानून अशा रुग्णाला रक्त पातळ करणारी औषधं दिली तर जीवावर बेतू शकतं.

फक्त आकसलेल्या मेंदूभोवतीचं पाणीही असंच काळं दिसतं. फरक शिरांनी कळतो. त्या पाण्यातून आरपार कवटीपर्यंत जात असतील तर तो वयाचा आकस. मेंदूच्या पृष्ठभागाला चिकटून दबल्या असतील तर साचलेला थर.

रिपोर्टात बाजू, थराची जाडी, मिडलाइन किती मिलिमीटर सरकली, थराच्या आतले पडदे आणि ताजं रक्त आहे का, हे लिहा. त्या पडद्यांतल्या नाजूक रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा पाझरतात, म्हणूनच थर वाढतो. मिडलाइन सरकलेली दिसली तर टायपिंग होईपर्यंत थांबू नका, न्यूरोसर्जनना फोन लावा. बर होलनंतरच्या, म्हणजे कवटीला भोक पाडून रक्त काढल्यानंतरच्या, सीटीत थोडी हवा आणि थोडं द्रव राहतंच. रुग्ण चालतोय का, बोलतोय का ते वॉर्डात विचारा आणि मगच 'पुन्हा साचलं' असं लिहा.