अठरा पूर्ण झालेल्या आपल्या स्पेशल मुलांसाठी एरियात ग्रुप कसा सुरू करायचा

स्पेशल स्कूल संपलं की मुलांचे मित्र पण संपतात, हे आपल्यापैकी बऱ्याच घरांत होतं. बावीस वर्षांचा मुलगा दिवसभर टीव्हीसमोर, आणि आई त्याच्याबरोबर घरात अडकलेली. थेरपी असते, डॉक्टर असतात, पण "चल रे, येतोस का खाली" म्हणणारं कोणी नसतं. म्हणून ग्रुप काढा, आणि तो उपचारासाठी नको, निव्वळ भेटायला हवा.

सुरुवातीला चार-पाच घरं पुरे. थेरपिस्टना, जुन्या शाळेतल्या टीचरना सांगून ठेवा, आपल्यासारखी घरं त्यांना माहीत असतात. जागा म्हणजे सोसायटीचा हॉल, वाचनालयाची खोली, देवळाचा सभामंडप काहीही चालेल, फक्त व्हीलचेअर आत जाते का आणि टॉयलेट कसंय हे आधी स्वतः जाऊन बघा. आणि शेजारी एक रिकामी, शांत खोली हवीच. आवाज, गर्दी सहन झाली नाही की मुलगा तिथे जाऊन बसेल, त्याच्या मागे सगळ्यांनी धावायचं नाही, ओळखीचं एकच माणूस जवळ राहील. वार आणि वेळ मात्र बदलू नका, ऑटिझमवाल्या बऱ्याच मुलांना आज काय होणार हे आधी कळलं तरच येववतं, म्हणून भिंतीवर चित्रं लावा, चप्पल काढणे, गाणं, भेळ, घरी जाणे, असं, आणि एकेक झालं की ते चित्र काढून टाकायचं.

भेळ मुद्दाम लिहिली. भाषण, वर्कशॉप ठेवलं की मुलं नुसती बसून राहतात, भेळेत प्रत्येकाला काम मिळतं. एक कुरमुरे मोजतो, एक चिंचेची चटणी चमच्याने घालते, हाताला चिकट लागलेलं ज्याला अजिबात सहन होत नाही तो कागदाच्या डिश मांडतो. बोलता न येणाऱ्या मुलीसमोर कांदा आणि शेवेची वाटी धरा, ती बोटाने दाखवेपर्यंत थांबा, पटकन तिच्या आईकडे बघून "हिला काय हवंय?" विचारू नका, ती मोठी झालीये. व्हॉलंटियर म्हणून कॉलेजची मुलं आली तर त्यांना पहिल्या दिवशी एवढंच शिकवा.

प्रत्येकाचा एक कागद भरून घ्या, फिट येते का, औषध कुठलं, कशाची ॲलर्जी, कशाने घाबरतो, हो-नाही कसं सांगतो. कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा बंद खोलीत नको, शांत खोलीचं दार पण उघडंच, हा नियम ओळखीच्यांना पण लागू. फोटो टाकायचा तर आधी मुलाला विचारा, मग पालकांना.

आईबाबांना बाजूला चहा द्या आणि बसू द्या. तिथेच खरी माहिती फिरते, यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, कुठे अडलं, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि ओपीडीतल्या थेरपीचा खर्चही त्यात येतो, हे बऱ्याच घरांना शेजारच्या आईकडूनच कळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर अठरानंतर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या लोकल लेव्हल कमिटीकडे अर्ज करता येतो, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ती सोय आहे. ज्यांचं झालंय त्यांना कागदपत्रांची फाईल घेऊनच यायला सांगा, दुसऱ्याचं निम्मं टेन्शन तिथेच जातं.

भावंडांना विसरू नका प्लीज. सातवी-आठवीतली बहीण दादाला सांभाळायला आलेली असते, तिला त्या दिवशी ड्युटी नको, तिच्या वयाची मुलं एकत्र बसवा, कॅरम द्या, बोलतील त्यांचं ते.

खर्च तसा कमीच, चहा आणि भेळ वाटून घ्या, पण वर्गणी सक्तीची करू नका, ज्याला जमत नाही तो न सांगता यायचं बंद करतो. आणि एखादं घर दोनदा आलं नाही तर ग्रुपवर मेसेज टाकून थांबू नका, फोन करा, जमलं तर घरी जा, बहुतेक वेळा मुलाचं काहीतरी बिनसलेलं असतं आणि आईला सांगायचा संकोच वाटत असतो.