जुन्या गाऊनचा टॉप-स्कर्ट, आखाजीच्या आधी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवीन कपडे घ्यायच्या आधी कपाटातला लांब कॉटनचा गाऊन बाहेर काढा. त्याचा जुळता टॉप-स्कर्ट छान होतो. सिंथेटिक असेल तर नादाला लागू नका. जळगाव-भुसावळच्या उन्हात तो अंगावर ठरत नाही.

कंबरेवर जोड असेल तर तिथेच कापायचा मोह होतो, पण मग टॉप पोटाच्या वर राहतो. अशा वेळी खालच्या घेराची चार-पाच इंच पट्टी कापून टॉपला जोडा. टॉपच्या खालच्या घेरापेक्षा पट्टी मोठीच निघते, तेव्हा चुण्या घालून बसवा. झालरीसारखी दिसते आणि मुद्दाम केल्यासारखी वाटते.

जोड नसलेला सरळ गाऊन कंबरेखाली सहा-सात इंचांवर कापा. खालचा भाग वर चढवून कंबरेला नेसायचा असल्यामुळे स्कर्ट तेवढाच आखूड होतो, हे आधी आरशासमोर बघून घ्या. नेफ्याला दीड इंच कापड दुमडा, एक इंची इलॅस्टिक कंबरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी घ्या. टॉपला खाली एक इंच दुमड पुरते.

पाठीला चेन असेल तर ती पूर्ण वर ओढून बंद करा आणि कापायच्या रेषेच्या जरा वर दातांवरून हातानेच आठ-दहा घट्ट टाके घाला. नाहीतर कात्री चालली की रनर खालून निसटतो. स्कर्टमधली उरलेली चेन उसवून काढा, फट शिवून टाका.

अस्तर? उन्हाळ्यात टॉपचं काढलं तरी चालेल, स्कर्टचं राहू द्या.