'प्राण्यांचं अनुकूलन' धडा पाठ होतो, समजत नाही? कुस्ती लावा

सातवी-आठवीची मुलं 'निशाचर', 'शाकाहारी' घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यावर हा एका तासाचा खेळ: प्राण्यांची तोंडी, काल्पनिक कुस्ती.

१. आठ चिठ्ठ्यांवर आठ सस्तन प्राणी लिहा: गवा, बिबट्या, साळिंदर, खवले मांजर, शेकरू, मुंगूस, कोल्हा, रानकुत्रा. एकेक गटाला एकेक चिठ्ठी. वजन, आहार, शस्त्र आणि बचाव एवढंच आदल्या दिवशी शोधून आणायला सांगा.

२. दोन-दोन गटांची लढत लावा. लढतीची जागा किंवा वेळही चिठ्ठीनेच काढा: झाड, माळ, बीळ, रात्र. खरी गंमत इथेच आहे. माळावर कोल्ह्यापुढे शेकरूचं काही खरं नाही, पण झाड निघालं की कोल्हा खाली नुसता बघत बसतो.

३. आपला प्राणी का जिंकेल हे सांगायला प्रत्येक गटाला दोन मिनिटं. 'आमचा भारी आहे' चालणार नाही, अवयव किंवा सवय सांगायची. आमच्याकडे एक मुलगा म्हणाला, साळिंदर काटे फेकून मारतं. लगेच दुसऱ्या गटाने खोडलं: फेकत नाही, पाठ करून मागे धावतं आणि काटे घुसवतं. हे मी फळ्यावर लिहून शिकवलं असतं तर कुणाला आठवलं नसतं.

४. निकाल तुम्ही द्या. पळून जाणं, अंगाचा गोळा करून पडून राहणं हाही विजयच धरा, नाहीतर दात नसलेलं खवले मांजर पहिल्याच फेरीत बाद.

एक जपा: मोबाइलवर खऱ्या झुंजींचे व्हिडिओ दाखवू नका. मुलं रक्तच बघत बसतात, मुद्दा राहतो बाजूला.