कॅमशाफ्ट बसवताना कॅपचे नंबर सांभाळा

कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये मी नव्या पोरांना पहिल्यांदा कॅमशाफ्टचे (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) कॅपच, म्हणजे शाफ्टला वरून धरून ठेवणारे तुकडेच, हाताळायला देतो. प्रत्येक कॅपवर नंबर आणि बाण असतो. हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, जोडूनच त्यांचं बोअरिंग (भोक कोरणं) झालेलं असतं, म्हणून त्यांची अदलाबदल चालत नाही. जागा चुकली की शाफ्ट जाम होतो, नाहीतर ऑइलचं प्रेशर पडतं.

खोलताना टोकाकडून मध्याकडे या, बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. एकदम एका बाजूने खोललं तर व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने शाफ्ट वाकतो, कधी तुटतोही. बसवताना जर्नल (शाफ्टचा कॅपमध्ये फिरणारा गोल भाग) आणि लोब (व्हॉल्व्ह दाबणारा उंचवटा) यांना स्वच्छ ऑइल लावा आणि मध्यापासून बाहेर आवळत जा. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. हे बोल्ट लहान असतात, अंदाजाने आवळले की हेडचे आटे जातात.

व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) गिअरचा मधला बोल्ट खोलताना शाफ्टच्या षटकोनी भागाला पाना लावून धरा. चेनच्या आधाराने जोर कधीच देऊ नका. गिअरच्या आतली, त्याला जागेवर धरणारी लॉक पिन अडकलेली आहे ना, हेही बघा.

या गिअरला ऑइल सोडणाऱ्या ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची बारीक जाळी काढून धुवा. सायन-कुर्ल्याच्या ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाड्यांचं ऑइल लवकर काळं पडतं आणि गाळ तिथेच साचतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण जाळी धुतली की पुष्कळदा नवा गिअर घेण्याची गरजच नसते.

शेवटी क्रँक (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) हाताने २ फेरे फिरवा. कॅमचा १ फेरा होऊन खुणा जुळल्या, की मगच स्टार्टर मारा.