व्हिडिओ बॅचमध्ये कन्व्हर्ट करताय? या चुका टाळा

लग्नसराई संपत आली की ठाण्यातल्या ओळखीच्या व्हिडिओवाल्यांचे फोन सुरू होतात. अख्खा फोल्डर रात्री कन्व्हर्टला लावलेला असतो, सकाळी कुठे आवाज गायब, कुठे रंग विटलेले, आणि समोरचा म्हणतो, "सॉफ्टवेअरच भंगार आहे." एफएफएमपेग आणि हँडब्रेक ही कन्व्हर्ट करणारी सॉफ्टवेअरं दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही सांगितलं तेवढंच करतात. तक्रार तिथेच आहे.

डोळे मिटून डॅश वाय (-y). एफएफएमपेगला हा पर्याय दिला की त्याच नावाची फाइल आधीपासून असली तरी तो न विचारता तिच्यावर नवी लिहितो. नवशिक्यांना तो फार आवडतो, कारण मध्ये कुणी प्रश्न विचारत नाही. आता एव्हीसीएचडी कॅमेऱ्याचं कार्ड उघडून बघा. बीडीएमव्ही नावाचा फोल्डर, त्यात स्ट्रीम, आणि आत ०००००.एमटीएस, ००००१.एमटीएस अशा ओळीने फाइली. दुसऱ्या कार्डातही बहुतेकदा हीच नावं.

घोडबंदरच्या एका हॉलमधलं लग्न होतं. पहिल्या कार्डात हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं, दुसऱ्यात रिसेप्शन. एडिटिंगला नव्याने लागलेल्या मुलाने नेटवरून स्क्रिप्ट, म्हणजे एफएफएमपेगला ओळीने हुकूम देणारी फाइल, उचलली आणि दोन्ही कार्डांचं आउटपुट एकाच फोल्डरमध्ये सोडलं, अर्थात डॅश वाय लावून. रिसेप्शनच्या ०००००ने हळदीचा ००००० खाल्ला, ००००१ने ००००१, असं शेवटपर्यंत. पहिल्या कार्डात क्लिपा जास्त होत्या म्हणून शेपटाकडच्या तेवढ्या वाचल्या. म्हणजे पाठवणी शाबूत, पण अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी साफ. हे कळेपर्यंत कार्डं फॉरमॅट होऊन त्यातलं एक दुसऱ्याच्या बारशाला गेलंही होतं, आणि ते नेमकं हळदीचं. मुलगा काकुळतीला येऊन सांगत होता, "दादा, स्क्रिप्ट तर एकही एरर न देता संपली." संपणारच. पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या फोटोरेकने कार्ड खरवडून तुकडे मिळाले, पण बारशाच्या शूटिंगने बराचसा भाग व्यापला होता. शेवटी वऱ्हाडातल्या पोरांच्या मोबाइलमधल्या क्लिपा गोळा करून मंगलाष्टकं उभी केली. मुलीच्या आईला ती दाखवायला मलाच बसवलं होतं.

माझी पद्धत साधी आहे. आधी कार्डाची जशीच्या तशी कॉपी, मग फाइलींच्या नावापुढे तारीख आणि कार्डाचं अक्षर, आणि डॅश वायच्या जागी डॅश एन, म्हणजे नाव सापडलं तर ती फाइल सोडून पुढे जा. काम संपल्यावर आत किती क्लिपा होत्या आणि बाहेर किती आल्या हे मोजायचं, एफएफप्रोबने (फाइलीची माहिती सांगणारा एफएफएमपेगचा जोडीदार) एकूण मिनिटंही जुळवायची. सलग शूटिंगचे कॅमेऱ्याने पाडलेले तुकडे आधी जोडून घेते आणि मग कन्व्हर्ट करते. सुटे केले तर सांध्यावर आवाज अडखळतो.

अर्धी फाइल 'झालेली' समजणं. पावसाच्या तोंडावर रात्री वीज जाणार हे धरूनच चाला. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली की ती फाइल उघडतच नाही. वर डॅश एन लावून बॅच पुन्हा चालवली की नाव आहे म्हणून तीच मेलेली फाइल वगळली जाते. म्हणून आउटपुट आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं आणि काम नीट संपलं तरच नाव बदलायचं. स्क्रिप्टमध्ये एका ओळीची भर आहे. तेवढा धीर नसेल तर यूपीएस घ्या.

नको तिथे पुन्हा एनकोड करणं, म्हणजे चित्र नव्याने दाबून लिहिणं. याचा मला खरा वैताग आहे. एमकेव्ही, एमपी४, एमओव्ही हे नुसते डबे. आतली भाजी, म्हणजे चित्र दाबायची पद्धत, एच.२६४ असेल तर डबा बदलायला ती परत शिजवायची गरज नाही. डॅश सी कॉपी लिहा, रात्रभराचं काम चहा होईपर्यंत आटपतं आणि क्वालिटी काडीचीही जात नाही. आत काय आहे ते आधी मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघा. हा सल्ला ऐकून मान डोलावणारे पुन्हा सगळं एनकोडच करतात, कारण पंखा घरघरला की काम चाललंय असं वाटतं. शिवाय एमकेव्हीत दुसरा ऑडिओ ट्रॅक असेल तर डॅश मॅप ० विसरू नका, नाहीतर एफएफएमपेग एकच ट्रॅक उचलतो.

सीआरएफचा, म्हणजे एनकोड करताना क्वालिटी ठरवणारा, आकडा उचलून चिकटवणं. एच.२६४ बनवणाऱ्या एक्स२६४चा मूळ आकडा २३, नव्या एच.२६५ पद्धतीच्या एक्स२६५चा २८. दोघांची मोजपट्टी वेगळी आहे. आकडा कमी केला की फाइल फुगते. मुळात खराब असलेलं चित्र त्याने सुधारत नाही.

इंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेलं चित्र, विसरणं. १०८०आय किंवा जुन्या डीव्ही टेपचं फुटेज तसंच एनकोड केलं की नाचणाऱ्यांच्या हातांना करवतीचे दात येतात. मी ते दात काढणारा बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर लावून सेकंदाला ५० फ्रेम काढते. २५वर आणलं की हालचाल तुटक दिसते.

मोबाइलच्या क्लिपांचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त होत असतो. एडिटिंगला घेण्याआधी तो ठरावीक करून घ्या, नाहीतर तासाभराच्या भाषणात शेवटी ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. आयफोनचे एचडीआर (उजेड-रंगांचा जास्त पल्ला असलेले) व्हिडिओ टोनमॅप न करता, म्हणजे तो पल्ला साध्या पडद्याला न बेतता, साध्या आठ बिटवर आणले की शालूचा रंग धुऊन निघतो.

ग्राफिक्स कार्डवरचं एनकोडिंग वेगवान आहे, व्हॉट्सअॅपवर नमुना पाठवायला ठीक. कायम जपायचं असेल तर सीपीयूला 'स्लो' प्रीसेटवर रात्रभर चालू द्या. घाई कुणाला आहे? गिऱ्हाइकाला तर अल्बम तीन महिन्यांनी मिळणार असतो.

आणि बॅच सोडण्याआधी मधल्या एखाद्या फाइलचे तीस सेकंद काढून गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर लावून बघा, तुमच्या लॅपटॉपवर नाही. बरेच जुने टीव्ही एच.२६५ उघडत नाहीत. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात जाणारच नाही.