टुडूइस्टमधील कामांची मांडणी आणि फिल्टर

टुडूइस्ट या कामांची यादी ठेवण्याच्या ॲपमध्ये काम लिहितानाच त्याचा प्रोजेक्ट, लेबल आणि तारीख नोंदवावी. काम कोणत्या विषयाचे आहे हे प्रोजेक्ट सांगतो आणि तो # या चिन्हाने जोडला जातो. ते कुठे किंवा कशाच्या साहाय्याने होणार हे सांगण्यासाठी @ या चिन्हाने लेबल लावावे. बँकेतील केवायसी, आईची औषधे आणि गॅस एजन्सीतील अर्ज ही कामे वेगवेगळ्या प्रोजेक्टांत असली, तरी तिन्हींना @बाहेर हे लेबल दिल्यास घरातून निघताना ती एकत्र पाहता येतात. लेबले मोजकीच ठेवावीत, नाहीतर ती लावण्याचाच कंटाळा येतो.

मात्र या ॲपचा खरा उपयोग फिल्टरमध्ये, म्हणजे दिलेल्या अटीत बसणारी कामेच दाखवणाऱ्या यादीत आहे आणि तो शिकण्यासाठी थोडा वेळ जरूर द्यावा. फिल्टरच्या अटीत & म्हणजे दोन्ही गोष्टी लागू असाव्यात, | म्हणजे कोणतीही एक पुरेशी आणि ! म्हणजे ती वगळावी. (टुडे | ओव्हरड्यू) & @बाहेर अशी अट लिहिली, की आजची आणि मुदत उलटलेली, पण फक्त बाहेरची कामे समोर येतात; यातील इंग्रजी शब्द रोमन लिपीत टाइप करावेत आणि कंस गाळू नये. तातडीच्या कामांसाठी पी१ हा सर्वांत वरचा अग्रक्रम राखून ठेवावा. सगळ्यांनाच तो दिला, तर त्यावरचा फिल्टर निरुपयोगी ठरतो.

‘नो डेट’ या अटीचा फिल्टर दर आठवड्याला उघडून तारीख नसलेल्या प्रत्येक कामाला तारीख द्यावी किंवा ते काढून टाकावे.